माणशी, ताशी आणि ठोक

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतल्या एका शीटमेटल कंपनीत मी एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही सांभाळते. डिसेंबरमध्ये कंपनीला २५ वर्षं पूर्ण होतायत. साहेबांनी कुटुंबमेळावा करायचं ठरवलं आणि "आठ लाखांत बसव" म्हणून विषय माझ्या टेबलावर टाकला. कामगार आणि स्टाफ मिळून १४० जण, घरटी तीन धरून ४२० माणसं. आम्हाला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारची संध्याकाळ धरली आहे. मोशीकडचं एक लॉन पाहून ठेवलंय. माझा हिशोब असा : लॉन १,२५,०००, जेवण ४५० रुपये ताटाने १,८९,०००, स्टेज-डेकोरेशन १,१०,०००, साउंड, लाइट, एलईडी वॉल ९५,०००, ऑर्केस्ट्रा ८०,०००, प्रत्येकाला ९०० रुपयांची प्रवासी बॅग, १,२६,०००, फोटो-व्हिडिओ ३५,०००, इतर ४०,०००. एकूण ८,००,०००. चिकनचा काउंटर हवाच, असं साहेबांचं म्हणणं आहे. नेटवर जागेला इतके टक्के, जेवणाला इतके टक्के असे तक्ते सापडतात, पण आमचं गणित त्यात बसत नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : बेरीज बरोब्बर आठ लाखांवर येऊन थांबली, तिथेच मला शंका आली. 'इतर ४०,०००' हा आकडा तुम्ही काढलेला नाही, तो उरलाय. सगळं मांडून झालं, आठ लाखांना चाळीस हजार कमी पडले आणि त्या खड्ड्यावर 'इतर'ची फळी टाकली. लाजू नका, मीही अशा फळ्या खूप टाकल्यात.

पहिला खड्डा जीएसटीचा. तुम्ही लिहिलेले दर 'प्लस जीएसटी' असणार, कारण तोंडी दर सांगताना कर धरून कोणी सांगत नाही. लॉनवर १८ टक्के म्हणजे २२,५००. केटररचे ५ टक्के, ९,४५०. डेकोरेशनवर १९,८००, साउंड-लाइटवर १७,१००, बॅगांवर २२,६८०. झाले ९१,५३०. ऑर्केस्ट्रावाले आणि फोटोग्राफर मी सोडून दिलेत, कारण वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर त्यांची नोंदणी नसूही शकते. म्हणजे तुमचा कार्यक्रम आजच नऊ लाखांच्या जवळ गेलाय, आणि अजून एक बससुद्धा ठरलेली नाही. यातला काही कर कंपनीला परत मिळतो का, ते सीएला विचारा. जेवणावरचा आणि भेटवस्तूंवरचा मिळत नाही, एवढं गृहीत धरून चाला. आणि साहेबांना आजच विचारा : आठ लाख करासकट की कर सोडून? कार्यक्रम झाल्यावर हा प्रश्न विचारला, तर उत्तर नेहमी 'करासकट' असंच येतं.

आता टक्क्यांचं. ते तक्ते फेकून द्या. माझ्या सासऱ्यांचा चिंचवडला मंडपाचा धंदा होता. बांबू, ताडपत्री, कनाती, गाद्या-तक्के. मी लग्न होऊन आले तेव्हा गोदामातली वही मला सांभाळायला दिली. त्या वहीच्या पानाला तीन उभे रकाने असत : माणशी, ताशी, ठोक. मामंजींचं शिक्षण सातवीपर्यंत, पण एवढ्या वर्षांत मला त्याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. माणसं वाढली की वाढतं ते माणशी : ताट, बॅग, बसमधली सीट. कार्यक्रम लांबला की वाढतं ते ताशी : लॉन, जनरेटरचं डिझेल, मजुरांची रात्र. काहीही झालं तरी तेवढंच राहतं ते ठोक : स्टेज, फोटोग्राफर. तुमचा प्रत्येक खर्च यातल्या एका रकान्यात टाका. ऐनवेळी कोणी "अजून पन्नास माणसं येतील" किंवा "जरा अर्धा तास वाढवू" म्हणालं, की कोणता रकाना फुगणार हे तुम्हाला तिथल्या तिथे सांगता येईल.

माणशी रकान्यापासून सुरू करू, कारण घोळ तिथे जास्त. १४० गुणिले ३ हा आकडा कागदावरचा. भोसरीत राहणारे तुमचे निम्मे ऑपरेटर खोली करून एकटे राहत असतील, घरचे गावाकडे बीडला नाहीतर बिहारला. उलट एखाद्या सुपरवायझरकडून आई-वडिलांसकट सहा जण येतील. खातेवार कागद फिरवा : कोण येणार, पाच वर्षांवरची मुलं किती, बसने की स्वतःच्या गाडीने, आणि उपास आहे का. शिवाय एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. ठेकेदाराची पोरं, कँटीनवाले, गेटवरचे वॉचमन या १४० मध्ये आहेत का? नसतील तर बोलवायचं की नाही, हे आज ठरवा. तीन शिफ्टमध्ये बरोबर राबणाऱ्या दोघांपैकी एकाला पत्रिका आणि दुसऱ्याला नाही, याची चर्चा लॉनवर होतेच, आणि शेवटी कोणीतरी मोठ्या मनाने "येऊ द्या त्यांनाही" म्हणतं. तेव्हा ताटं कमी पडतात.

ताटांचं एक सांगते. २००९ मध्ये स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं पहिलं काम चिंचवडच्या एका कंपनीच्या वार्षिक दिनाचं होतं. ३०० ताटं ठरली होती, १४० रुपये दराने. केटररने बिल दिलं ३६१ चं. जादाचे ८,५४० रुपये, आणि त्या कामात मला सुटणार होते १२,०००. रात्री साडेबारा वाजता उलट्या क्रेटवर बसून आम्ही दोघं हिशोब लावत होतो. मंडपाची १४ माणसं, साउंडची ६ पोरं, बसचे ड्रायव्हर-क्लीनर ८, व्हिडिओवाले ४, गेटवरचे ४. ही ३६ ताटं माझ्याच माणसांनी खाल्ली होती आणि मी ती कुठेच धरली नव्हती. उरलेली २५ पोरांची : अर्धी जिलेबी खाऊन ताट टेबलाखाली ठेवायचं आणि नवं घ्यायचं. केटरर खोटं बोलत नव्हता. त्याने मोजली ती ताटं, माणसं मोजली मी.

तेव्हापासून जेवण सुरू व्हायच्या आधी मी काउंटरमागे जाते. ताटांच्या पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावून घेते, केटररच्या मुकादमासमोर मोजते आणि मेनूकार्डाच्या मागे आकडा लिहून दोघांच्या सह्या. शेवटी न वापरलेली ताटं वजा. पाच वर्षांखालच्या मुलांचं ताट धरायचं नाही आणि एका माणसाची दोन ताटं झाली तर एकच धरायचं, हे ऑर्डर देतानाच लिहून घेते. काम करणाऱ्या माणसांचं जेवण वेगळं सांगते : पोळी-भाजी, मसालेभात, ताक, साधारण निम्म्या दरात, आणि पाहुण्यांच्या आधी. ड्रायव्हर उपाशी असला की परतीची बस वेळेवर निघत नाही.

तुम्ही ४२० ताटं सांगू नका. कागद भरून आल्यावर आकडा बदलेल, पण मला साधारण ३६० ची गॅरंटी आणि ४०० ची तयारी दिसते. गॅरंटी म्हणजे तेवढ्यांचे पैसे द्यायचेच, माणसं कमी आली तरी. म्हणून ती हात राखून द्यायची.

आता गुरुवार. लॉनवाल्याने मधल्या वारी दर कमी लावला असेल, ते चांगलंच. पण कालनिर्णय उघडून तारीख बघितली का? डिसेंबरमध्ये मार्गशीर्षातले गुरुवार येतात. महालक्ष्मीचं व्रत करणाऱ्या बायका दिवसभर उपाशी, संध्याकाळी पूजा, कहाणी, नैवेद्य झाल्यावरच घराबाहेर पडणार. तुमचा कार्यक्रम साडेसहाला आणि पहिल्या दोन ओळींत फक्त पुरुष, असं दृश्य होईल. चिकनचं तर विचारूच नका. एरवी चवीने खाणाराही गुरुवारी खात नाही, मार्गशीर्षात तर घरात शिजतसुद्धा नाही. मी असा काउंटर पाहिलाय : सहा पातेली झाकलेली, मागे दोन आचारी मोबाइल बघतायत. साहेबांना चिकन हवंच असेल तर मार्गशीर्ष अमावस्येनंतरचा गुरुवार नसलेला दिवस घ्या आणि त्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. गुरुवारच ठेवायचा तर पूर्ण शाकाहारी करा, आणि बसची दुसरी फेरी साडेसातची ठेवा.

ताशी रकाना. लॉन किती ते किती ताब्यात मिळणार, हे विचारलंत का? १,२५,००० मध्ये बहुतेक दुपारी चार ते रात्री अकरा असेल. सकाळी तिथे लग्न असलं तर तुमचा मंडपवाला चारच्या आधी आत शिरू शकणार नाही. एकदा माझ्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचं लग्न साडेतीनला उरकलं, नवरीची पाठवणी चालली होती आणि आम्ही ट्रसचे, म्हणजे स्टेजच्या सांगाड्याचे, पाइप घेऊन गेटवर उभे. दोन तासांत स्टेज उभं करायला बारा माणसं दुप्पट मजुरीने आणावी लागली. त्यामुळे 'सकाळी बुकिंग नाही' हे लेखी घ्या, नाहीतर स्टेज लहान ठेवा.

दुसरं टोक रात्रीचं. उघड्यावर लाउडस्पीकर दहाला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमातला नियम, आणि कंपनीच्या कार्यक्रमाला त्यातून सुटका नाही. मग ऑर्केस्ट्राचा हिशोब ताशी मांडून बघा. दुसरी बस आठला पोचणार. २५ वर्षं पूर्ण केलेल्यांचे सत्कार, शाल-श्रीफळ, साहेबांचं भाषण, पावणेनऊ सहज. पावणेनऊ ते दहा, सव्वा तास. त्याच सव्वा तासात सगळे जेवणाच्या रांगेत. ८०,००० रुपये देऊन पाठमोऱ्या लोकांना गाणी ऐकवायची हौस असेल तर माझी ना नाही. मी असते तर ऑर्केस्ट्रा काढला असता. मुलांचे आणि कामगारांचे चार नाच-गाणी ठेवा, सत्कारांच्या मधे मधे. पण एक ध्यानात ठेवा : गाण्याच्या कॉपीराइट परवान्याची सूट लग्नाला असते, कंपनीच्या मेळाव्याला नाही. रेकॉर्ड लावून नाच असला तरी परवाना लागतो. त्याचं शुल्क आधी लेखी मागवा.

आता माझी मांडणी, सगळी करासकट. लॉन १,४७,५००. जेवण ३६० ताटांचं १,७०,१००. काम करणाऱ्या ४५ माणसांचं, २०० रुपये दराने, ९,४५०. डेकोरेशन ७५,००० वर आणा, म्हणजे ८८,५००. साउंड-लाइट ऑर्केस्ट्राशिवाय ७०,००० मध्ये मागा, एलईडी वॉल लहान चालेल, ८२,६००. बॅगा आहेत तशाच, १,४८,६८०, त्यांना हात लावू नका. फोटो-व्हिडिओ २५,०००, ड्रोन नको. चार बसचे ३०,०००, ड्रायव्हरच्या भत्त्यासकट. डिझेलसकट जनरेटर १७,७००. 'डिझेलसकट' हा शब्द कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर रात्री कॅन घेऊन पंपावर तुमच्याच माणसाला पळावं लागेल. परवाने, पत्रिका, शाल-श्रीफळ, सफाई यांचे २५,०००. बेरीज ७,४४,५३०. हातात राहिले ५५,४७०. ४० माणसं जादा आली तरी त्यांचे १८,९०० यातून जातील. उरलेल्या पैशांना 'इतर' म्हणू नका, 'राखीव' म्हणा आणि ते साहेबांना आधी दाखवू नका. दिसले की त्यांना परत ऑर्केस्ट्रा आठवेल.

बसचे, जनरेटरचे, फोटोचे हे माझे अंदाज आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

टीडीएस, म्हणजे बिलाचे पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा आयकर, त्याबद्दल आधीच सांगून ठेवा. ठेकेदाराचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली की कापावाच लागतो : एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन. लॉनच्या भाड्याचा नियम वेगळा, तो सीए सांगतील. डेकोरेटरला हे आधी सांगितलं नाही तर "मॅडम, माझे साडेसातशे कापले" असा फोन तुम्हाला दिवाळीपर्यंत येत राहील.

प्रश्न : आमची कोल्हापूरला शेतीअवजारांची कंपनी आहे. ६० डीलर्सना दोन रात्रींसाठी गोव्याला न्यायचं आहे. हॉटेलने माणशी पॅकेज दिलंय. त्यातच सगळं येतं का, की वेगळं काही धरावं लागेल?
— कोल्हापूरचे एक सेल्स मॅनेजर

उत्तर : तुम्ही रात्रीच्या बसने निघणार, पहाटे पोचणार. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. साठ माणसं बॅगा घेऊन सकाळी सातपासून लॉबीत बसली की पहिल्याच दिवशी सगळ्यांची तोंडं वाकडी. लवकर चेक-इनचा दर आधी विचारा, किंवा सरळ सकाळी नाश्ता करून कोल्हापूर सोडा आणि दुपारी पोचा. दुसरा पर्याय फुकटचा आहे आणि डीलर्सना आवडतो, वाटेत आंबोलीला चहा होतो.

पॅकेजमध्ये दारू धरलेली नसते, आणि धरली असेल तर तासांवर असते : 'दोन तास अनलिमिटेड'. तुमच्या साठांत न पिणारे किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. निम्मे पीत नसतील तर बाटलीवर हिशोब ठेवा. काउंटरवर स्वतःचा एक माणूस बसवा, जो फोडलेल्या बाटल्यांची नोंद करेल. तो न पिणारा असावा, हे वेगळं सांगायला नको.

पण खरी गोष्ट कराची आहे. जुलै २०२२ पासून, धंद्याच्या निमित्ताने कोणाला दिलेला लाभ वर्षाला २०,००० च्या वर गेला तर त्यावर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. डीलर मीटमध्ये नवीन मॉडेलची माहिती, विक्रीचं प्रशिक्षण, ऑर्डर घेणं असं काम होणार असेल तर तो खर्च लाभात धरत नाहीत. मात्र 'टार्गेट गाठणाऱ्यांनाच' म्हणून नेलं, बायको-मुलांचा खर्च केला, किंवा कॉन्फरन्सच्या आदल्या-नंतरच्या एका दिवसापलीकडे मुक्काम वाढवला, की तो लाभ होतो. म्हणून पत्रिकेवर 'विजेत्यांची सहल' छापून मोकळे होऊ नका. खरोखर विजेत्यांचीच सहल असेल तर टीडीएसचे पैसे बजेटमध्ये ठेवा. सत्रांची वेळापत्रकं आणि हजेरीच्या सह्या जपून ठेवा. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना हे पत्र दाखवा, ते मला शिव्या देणार नाहीत.

प्रश्न : तीन कोटेशनं घेतली. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दीड लाखाचा फरक आहे. एवढा फरक कसा असू शकतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिघांनी तीन वेगळे कार्यक्रम डोळ्यासमोर आणलेत म्हणून. स्वस्तवाल्याच्या कागदावर 'वाहतूक व मजुरी वेगळी' हे बारीक अक्षरात कुठे आहे का बघा, बहुतेक दुसऱ्या पानाच्या तळाशी. महागवाल्याच्या एलईडी वॉलची मापं बघा, त्याने दुप्पट लावली असेल. तिघांनाही एकच यादी द्या : स्टेज इतक्या फुटांचं, खुर्च्या इतक्या, कव्हर असलेल्या की साध्या, सामान उतरवणं-चढवणं धरून, कर धरून. मग पुन्हा दर मागवा. मागच्या वर्षी एका बाईंना मी हेच करायला लावलं. दीड लाखाचा फरक बावीस हजारांवर आला, आणि सगळ्यात स्वस्त निघाला तो पहिल्या फेरीतला मधला.